जुन्या ऊस लोडरवर प्रपोर्शनल व्हॉल्व्ह बसवताना

ट्रॅक्टरवर बसवलेल्या ऊस लोडरचा ऑपरेटर हंगामात दिवसभरात किती वेळा हातदांडा ओढतो, हे एकदा शेजारी उभे राहून मोजायला घ्या. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तुम्हीच मोजणी सोडून द्याल. अंबड-घनसावंगीपासून गेवराई-माजलगावपर्यंतच्या गोदाकाठच्या उसाच्या पट्ट्यात असे लोडर बहुतेक हातदांड्याच्या व्हॉल्व्हवर चालतात. दांडा थोडा ओढला तर बूम (लोडरचा उचलणारा हात) हलत नाही, जरा जास्त ओढला तर हिसका बसतो, ग्रॅब (मोळी पकडणारा पंजा) झुलतो आणि मोळी ट्रॉलीऐवजी बांधावर पडते. जॉयस्टिकवर चालणारा प्रपोर्शनल व्हॉल्व्ह हा त्रास खरोखरच कमी करतो, मात्र तो नीट बसवला आणि नीट लावून दिला तरच.

जालन्यात माझे हायड्रॉलिक दुरुस्तीचे लहानसे वर्कशॉप आहे. अशा पहिल्या कामाला तीन दिवस लागतील असे मी मालकाला सांगितले होते. प्रत्यक्षात अकरा लागले, आणि त्यातले आठ दिवस मी नको तिथे शोधत होतो. फिटर किंवा ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणून चांगला हात बसलेल्या, पण या व्हॉल्व्हशी पहिल्यांदाच गाठ पडलेल्या माणसासाठी मी हे लिहीत आहे. पुढे विजेच्या प्रवाहाला सगळीकडे ‘करंट’ म्हटले आहे आणि ‘प्रवाह’ हा शब्द फक्त तेलासाठी राखून ठेवला आहे. वर्कशॉपमध्येही हीच शिस्त पाळा, नाहीतर दोन माणसे एकच शब्द उच्चारून दोन वेगळ्या गोष्टी तपासत बसतात.

१. व्हॉल्व्ह काय करतो ते आधी समजून घ्या

साध्या सोलेनॉइड व्हॉल्व्हला दोनच गोष्टी कळतात, पूर्ण उघडणे आणि पूर्ण बंद होणे. प्रपोर्शनल व्हॉल्व्हमध्ये कॉइलमधून जितका करंट जातो तितक्या बळाने प्लंजर (कॉइलमधली सरकती दांडी) स्पूलला, म्हणजे तेलाची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या सरकत्या दांड्याला, ढकलतो, समोरून स्प्रिंग विरोध करते, आणि दोन्ही बळे जिथे बरोबरीला येतात तिथे स्पूल थांबतो. स्पूलच्या कडेला कोरलेल्या बारीक खाचा त्या जागी जितक्या उघडलेल्या असतील, तितके तेल सिलिंडरकडे जाते.

खाच तितकीच उघडी राहिली तरी तेल तितकेच जाईल असे मात्र नाही, आणि नवीन माणूस नेमका इथे फसतो. खाचेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक चौपट झाला तर तिच्यातून दुप्पट तेल जाते. म्हणून जॉयस्टिक त्याच जागी धरूनही रिकामा ग्रॅब एका वेगाने आणि भरलेला ग्रॅब दुसऱ्याच वेगाने उचलला जातो. ऑपरेटरला बूम आणि स्लू (बूम डावी-उजवीकडे फिरवणे) एकाच वेळी चालवायचे असतील, तर प्रत्येक सेक्शनला (एका हालचालीसाठीच्या भागाला) प्रेशर कॉम्पेन्सेटर असलेला व्हॉल्व्ह घ्या. तो खाचेवरचा दाबाचा फरक जवळपास कायम ठेवतो. पैसे वाचवायचे असतील तर इतर ठिकाणी वाचवा, इथे वाचवू नका.

मोठ्या यंत्रांत, म्हणजे पोकलेनसारख्या यंत्रांत, कॉइल मुख्य स्पूलला थेट ढकलत नाही, कारण तेवढे बळ तिच्यात नसते. तिथे लहान प्रपोर्शनल व्हॉल्व्ह साधारण ३५ बारपर्यंतचा पायलट दाब तयार करतो आणि तो दाब मोठ्या स्पूलला सरकवतो. तुमच्या हातातला व्हॉल्व्ह थेट चालणारा आहे की पायलटवर, हे खरेदीपूर्वी विचारा. पायलटवाल्याला पायलट तेल कुठून मिळणार, हा प्रश्न लगेच पुढे येतो.

२. सिलिंडर मोजा, मगच व्हॉल्व्ह निवडा

‘मोठा घेतला म्हणजे पुढे कामाला येईल’ हा हिशेब इथे चालत नाही. उदाहरणार्थ, बूम सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) १०० मिलिमीटर, रॉड ५६ मिलिमीटर आणि स्ट्रोक (रॉडचा पूर्ण प्रवास) ६०० मिलिमीटर आहे असे समजा. पिस्टनचे क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर होते, म्हणजे पूर्ण स्ट्रोकसाठी ४.७ लिटर तेल लागते. ७ सेकंदांत बूम वर हवा असेल तर मिनिटाला सुमारे ४० लिटर प्रवाह पुरतो. या कामाला १०० लिटरचा स्पूल बसवला, तर जॉयस्टिकच्या पहिल्या थोड्याशा हालचालीतच सगळे ४० लिटर निघून जातात आणि उरलेला प्रवास निरुपयोगी ठरतो. मग हिसके तसेच राहतात आणि मालक म्हणतो, ‘एवढा खर्च करून फरक काय पडला?’

उलट बाजूही मोजा. रॉडच्या बाजूचे क्षेत्रफळ सुमारे ५४ चौरस सेंटिमीटर उरते, त्यामुळे त्या बाजूला ४० लिटर सोडले की पिस्टनच्या बाजूने मिनिटाला ५८ लिटर तेल परत येते. रिटर्न लाइन आणि रिटर्न फिल्टर ४० लिटरवर नव्हे, या ५८ लिटरवर निवडायचे असतात.

३. पंपाची जात ओळखा

माझ्या अकरा दिवसांतले पहिले दोन इथे गेले, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर) चालणारा गिअर पंप इंजिन फिरत आहे तोवर तेल ढकलतच राहतो. त्याला थांबणे माहीत नाही. जुन्या हातदांड्याच्या व्हॉल्व्हमध्ये सगळे दांडे मध्यावर असताना हे तेल मधल्या वाटेने सरळ टाकीत जाते, आणि अशा व्हॉल्व्हला ओपन सेंटर म्हणतात. बाजारात मिळणारे अनेक प्रपोर्शनल व्हॉल्व्ह क्लोज्ड सेंटर असतात, म्हणजे कोणतेही काम चालू नसताना त्यांच्यात ती मधली वाट नसते. असा व्हॉल्व्ह गिअर पंपावर तसाच बसवला, तर सगळे तेल रिलीफ व्हॉल्व्हवरून (दाब मर्यादेबाहेर गेला की उघडणाऱ्या व्हॉल्व्हवरून) उड्या मारत टाकीत परतते. १७५ बार दाबाने ४० लिटर तेल रिलीफवरून जात असेल तर त्यात सुमारे ११.७ किलोवॉट शक्ती उष्णता बनून वाया जाते. म्हणजे आंघोळीचे पाणी तापवणारे दोन किलोवॉटचे जवळपास सहा हीटर टाकीत एकदम सोडल्यासारखे झाले. ६० लिटरच्या टाकीतले तेल, हवेत निघून जाणारी उष्णता सोडली, तर दर मिनिटाला सुमारे ७ अंशांनी तापते. माझ्या लोडरच्या टाकीला दहाव्या मिनिटाला हात लावता येईना, आणि तरीही मी रिलीफ खराब असेल म्हणून तो बदलला.

यावर उपाय दोन आहेत. एक तर गिअर पंपासाठी बनवलेला, अनलोडिंग कॉम्पेन्सेटर असलेला इनलेट सेक्शन (व्हॉल्व्हचा तेल आत घेणारा भाग) मागवा, म्हणजे काम नसताना तेल १० ते १५ बारवर टाकीत जाईल. नाहीतर पंपच लोड सेन्सिंग जातीचा, म्हणजे कामाला लागेल तेवढेच तेल देणारा, घ्या. जुन्या ट्रॅक्टरसाठी पहिला उपाय परवडतो. विक्रेत्याला ‘ओपन सेंटर आहे का’ एवढेच विचारून थांबू नका, ‘गिअर पंपावर मध्यावर असताना इनलेटला किती दाब राहतो’ असे विचारा. ज्याला याचे उत्तर देता येत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

४. सामान आणि कागद आधी जमवा

कागदांमध्ये यंत्राचा हायड्रॉलिक सर्किटचा नकाशा, व्हॉल्व्हची डेटाशीट (तिच्यात कॉइलचा रेझिस्टन्स, करंटची मर्यादा आणि तेलाच्या स्वच्छतेची अट असते), कंट्रोलरचे (जॉयस्टिकच्या हालचालीप्रमाणे कॉइलला करंट देणाऱ्या डब्याचे) माहितीपुस्तक आणि ट्रॅक्टरचे नोंदणी प्रमाणपत्र हवे. नोंदणीतील तपशील बदलेल असा कोणताही फेरफार वाहनात करायचा असेल, तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चा संबंध येतो. म्हणून लोडरसाठी चासीला काही कापाजोड करणार असाल तर आधी आरटीओ कार्यालयात विचारून घ्या. यंत्र वॉरंटीत असेल तर कंपनीकडून लेखी होकार घ्या, तोंडी होकार हंगामात कोणाच्या लक्षात राहत नाही.

सामानात ० ते ४० आणि ० ते ४०० बारचे दोन प्रेशर गेज, त्यांच्या टेस्ट होज, मिलिअँपिअर दाखवणारा मल्टिमीटर, तेलाचे तापमान पाहण्यासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर, टॉर्क पाना, सर्व पोर्टसाठी प्लास्टिकची टोपणे, नवे ओ-रिंग आणि धागे न सुटणारे कापड ठेवा. साधा क्लॅम्प मीटर चालणार नाही. वायरमनकडे असणारे बरेच क्लॅम्प मीटर फक्त एसी करंट मोजतात आणि बॅटरीच्या करंटला शून्य दाखवतात.

५. तेल आणि कचरा

स्पूल आणि त्याच्या घरातले अंतर काही मायक्रॉनचेच असते. माणसाच्या डोळ्याला साधारण ४० मायक्रॉनपेक्षा बारीक कण दिसतच नाही, त्यामुळे ‘तेल स्वच्छ दिसते’ या वाक्याला या कामात काहीच अर्थ नाही. तेलाची स्वच्छता आयएसओ ४४०६ या पद्धतीने तीन आकड्यांत सांगतात. प्रपोर्शनल व्हॉल्व्हसाठी अनेक उत्पादक १८/१६/१३ च्या आसपासची किंवा त्याहून चांगली पातळी मागतात. यातल्या १८ चा अर्थ एका मिलिलिटरमध्ये ४ मायक्रॉनपेक्षा मोठे १,३०० ते २,५०० कण, आणि आकडा एकाने वाढला की कणांची मर्यादा दुप्पट होते. सील न फोडलेल्या नव्या बॅरलमधले तेलही बहुधा या अटीत बसत नाही, म्हणून नवे तेलसुद्धा फिल्टर लावलेल्या पंपानेच टाकीत भरा.

आपल्याकडे अडचण दुहेरी आहे. काळ्या मातीच्या पांदणीत दिवसभर फुफाटा उडतो आणि टाकीच्या ब्रीदरमधून (हवा आत-बाहेर जाण्याच्या गाळणीच्या टोपणातून) तो आत ओढला जातो, कारण सिलिंडर बाहेर गेला की टाकीतली पातळी खाली जाऊन तेवढी हवा आत येते. भंगाराच्या तारेने बांधलेले फडके म्हणजे ब्रीदर नव्हे. बारीक गाळणीचा, बदलता येणारा ब्रीदर बसवा. दुसरी अडचण उन्हाची. व्हीजी ४६ तेलाची चिकटाई ४० अंशांना ४६ सेंटिस्टोक असते, पण ८० अंशांना ती जवळपास चौथ्या भागावर येते, गळती वाढते आणि यंत्र ढिले पडते. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांच्या वर जातो. तिथे कॅनॉलचे किंवा गाळ काढण्याचे काम उन्हाळ्यात चालणार असेल तर यंत्रनिर्मात्याच्या पुस्तकात चालत असल्यास त्याहून घट्ट व्हीजी ६८ तेल वापरा आणि ऑइल कूलरची जाळी दररोज हवेने साफ करा.

जुने होज आणि पाइप नव्या व्हॉल्व्हला थेट जोडू नका. व्हॉल्व्हच्या जागी आखूड होज लावून पंपापासून रिटर्न फिल्टरपर्यंत तेल किमान अर्धा तास फिरवा, फिल्टर बदला आणि मगच व्हॉल्व्ह बसवा. आणि फिटिंगच्या आट्यांना टेफ्लॉन टेप लावू नका. हे मी इतक्या ठासून सांगतो, कारण माझ्या आठ दिवसांतले पाच एका टेपच्या तुकड्याने खाल्ले. बूम वर जाताना ठीक चालायचा, खाली येताना मधूनच अडखळायचा. मी कॉइल बदलली, कंट्रोलर बदलून पाहिला, विक्रेत्याशी भांडलो. शेवटी व्हॉल्व्हच्या तोंडाची चाळणी काढली तेव्हा तिच्या जाळीत नखाएवढा पांढरा धागा अडकलेला दिसला, आणि तो टेप मीच लावला होता.

६. वायरिंग

कंट्रोलरला वीज थेट बॅटरीवरून, जवळच बसवलेल्या फ्यूजमधून द्या. हेडलाइटच्या किंवा हॉर्नच्या वायरीतून फाटा काढू नका. कॉइलची परतीची वायर बॉडीला जोडण्याऐवजी कंट्रोलरपर्यंत वेगळी आणा. रंगावर बसवलेला अर्थिंगचा लग दिसायला घट्ट असतो, पण ऊन-पावसात त्याखाली गंज धरतो आणि बूम ‘कधी चालतो, कधी नाही’ असा वागू लागतो.

कॉइल तपासण्यासाठी ती थेट बॅटरीला लावण्याची सवय मोडा. ५ ओहमची कॉइल १२ व्होल्टला सुमारे २.४ अँपिअर ओढते. तेवढ्याने ती जळू शकते आणि इंजिन चालू असेल तर बूम पूर्ण वेगाने सुटतो. रेझिस्टन्स मीटरने मोजा, तोही कॉइल थंड असताना. तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर वाढतो. २० अंशांना ५ ओहम असलेली कॉइल ९० अंशांना सुमारे ६.४ ओहम दाखवते. याच कारणाने कंट्रोलर व्होल्टेज नव्हे, करंट सांभाळणारा असला पाहिजे, नाहीतर सकाळी लावलेली सेटिंग दुपारी बदललेली आढळेल.

कॉइलमध्ये डायोड असेल तर धन-ऋण उलटे लावू नका. चासीवर वेल्डिंग करायचे झाले तर कंट्रोलरचे सॉकेट आणि बॅटरीचे दोन्ही टोक आधी काढा. धुण्याच्या प्रेशरच्या पाण्यापासून सॉकेट वाचवण्यासाठी वायर खालून वळसा देऊन वर आणा, म्हणजे पाणी वळशाच्या तळाशी गळून जाते.

७. भार धरून ठेवण्याचे काम स्पूलवर सोडू नका

स्पूल मध्यावर असला तरी त्याच्या भोवतीच्या फटीतून तेल झिरपतच असते, त्यामुळे उचललेला बूम हळूहळू खाली येतो; होज फुटला तर तो हळूहळू येत नाही. सिलिंडरलाच बसणारा काउंटरबॅलन्स व्हॉल्व्ह (भाराखालचे तेल अडवून धरणारा) लावा आणि त्याची सेटिंग भाराने निर्माण होणाऱ्या कमाल दाबाच्या सुमारे १.३ पट ठेवा. इमर्जन्सी स्टॉपच्या बटणाने कॉइलची वीजच तुटली पाहिजे. ते बटण कंट्रोलरला ‘थांब’ असा नुसता निरोप देत असेल तर ते बटण नव्हे, विनंती झाली.

कोणतीही फिटिंग उघडण्यापूर्वी ग्रॅब जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, आणि गेजवर दाब शून्य आल्याशिवाय पाना लावू नका. गळती हाताने शोधू नका. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून निघालेली तेलाची धार कातडीत शिरते, जखम डास चावल्याएवढी दिसते आणि आत बोट सडते. असे झाले तर हळद लावून वाट पाहू नका, त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जा आणि ‘दाबाखालचे तेल आत गेले आहे’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा पुरतो.

८. कंट्रोलर लावून देणे

यंत्र कामाच्या आरपीएमवर ठेवा आणि तेल ४५ ते ५० अंशांपर्यंत तापू द्या. थंड तेलावर केलेली सेटिंग फुकट जाते. मग पुढील क्रमाने जा.

आधी किमान करंट. स्पूल मध्यावरून सरकल्यावर पहिला थोडा प्रवास कोरडाच असतो, खाच उघडत नाही. करंट १०-१० मिलिअँपिअरने वाढवत जा. बूम जेमतेम हलला की तो आकडा लिहा आणि त्याच्या किंचित खाली किमान करंट ठेवा. १२ व्होल्टच्या कॉइलला हा आकडा बहुधा काही शे मिलिअँपिअर येतो, २४ व्होल्टच्या कॉइलला त्याच्या जवळपास निम्मा. वर आणि खाली या दोन्ही दिशा स्वतंत्रपणे लावा, एकीचा आकडा दुसरीला देऊ नका.

नंतर कमाल करंट. जॉयस्टिक पूर्ण ओढून करंट वाढवा. वेग वाढायचा थांबला की त्यापुढचा करंट नुसती कॉइल तापवतो. खाली येण्याचा कमाल वेग मुद्दाम कमी ठेवा, ट्रॉलीत माणसे असतात.

रॅम्प म्हणजे करंट चढायला आणि उतरायला दिलेला वेळ. चढायला ०.३ ते ०.५ सेकंदांपासून सुरुवात करा. उतरण्याच्या रॅम्पबाबत सावध राहा: यंत्र रेशमासारखे चालावे म्हणून तो एक सेकंदावर नेला, तर जॉयस्टिक सोडल्यावरही बूम सेकंदभर चालत राहतो, आणि तेवढ्यात तो मोळी बांधणाऱ्याच्या डोक्यापर्यंत पोहोचू शकतो. मी उतरण्याचा रॅम्प ०.२ सेकंदांच्या वर नेत नाही, मालकाने कितीही आग्रह केला तरी.

डिदर म्हणजे स्पूल चिकटून बसू नये म्हणून करंटमध्ये ठेवलेली बारीक थरथर. कमी पडला तर करंट चढताना आणि उतरताना एकाच आकड्याला वेग वेगवेगळा मिळतो. जास्त झाला तर होजवर हात ठेवताच गुणगुण जाणवते. अनेक व्हॉल्व्हना १०० ते २०० हर्ट्झ चालतात, पण डेटाशीटमधला आकडा प्रमाण माना.

सेटिंग झाल्यावर जॉयस्टिक स्वतः हातात धरू नका, ऑपरेटरला द्या आणि त्याला एक ट्रॉली भरू द्या. माझ्या पहिल्या लोडरचा ऑपरेटर सोनपेठकडचा होता. त्याने पाच मिनिटांत सांगितले की ग्रॅब बंद होताना सुस्त आहे. मी मीटरवर दीड तास घालवूनही मला ते दिसले नव्हते.

९. बिघाड आला तर या क्रमाने शोधा

एखादी हालचाल बंद पडली तर पहिले काम म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाची मॅन्युअल पिन, आजूबाजूची माणसे बाजूला करून, हळूच दाबणे. पिन दाबल्यावर बूम हलला तर तेल, दाब आणि स्पूल ठीक आहेत, दोष विजेत आहे. नाही हलला तर वायरिंगला हात लावू नका. विजेत दोष वाटला तर शेजारच्या सेक्शनच्या सॉकेटची अदलाबदल करा. दोष सॉकेटबरोबर सरकला तर तो कंट्रोलर, जॉयस्टिक किंवा वायरीत आहे; जागेवरच राहिला तर कॉइलमध्ये. तेलाकडे वळायचे असेल तर आधी पातळी, मग फिल्टर, मग पंपाचा दाब, मग रिलीफ आणि सगळ्यात शेवटी व्हॉल्व्ह उघडणे, तेही शेतात नव्हे, झाकलेल्या स्वच्छ टेबलावर.

कंट्रोलरच्या डब्याच्या झाकणाच्या आतून मी तैलरंगाने प्रत्येक हालचालीचा किमान आणि कमाल करंट, त्या वेळचे तेलाचे तापमान आणि तारीख लिहून ठेवतो. त्या पहिल्या लोडरवर बूम उचलण्याचा किमान करंट ५२० मिलिअँपिअर होता. पुढच्या हंगामाआधी यंत्र परत आले तेव्हा त्याच तापमानाला बूम ५९० वर हलायला लागला. मालकाची काहीच तक्रार नव्हती. चाळणी काढली, तिच्यात काळ्या मातीचा चिखल साचला होता आणि टाकीचा ब्रीदर जागेवर नव्हता; त्या भोकात कोणीतरी उसाची कांडी खोचून ठेवली होती.